सोमवार ते शनिवारची खोली: भाडे आपण भरतो, कागदावर नाव कोणाचे?

शनिवारी दुपारी पनवेलच्या एसटी स्टँडवर जाऊन उभे राहा. महाड, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, खेड अशा पाट्यांच्या गाड्यांभोवती जी गर्दी असते, तिच्यात एक वर्ग लगेच ओळखू येतो. पाठीवर एकच सॅक, सॅकमध्ये आठवड्याचे मळके कपडे, हातात घरच्यांसाठी औषधांची नाहीतर खाऊची पिशवी. यांना चाकरमानी म्हणावे तर तेही पूर्ण नाही. चाकरमानी सणाला आणि मे महिन्यात गावी येतो. हे लोक दर शनिवारी जातात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येतात. घर गावात, रोजी शहरात आणि मध्ये पाच-सहा रात्रींपुरती भाड्याची एक खोली. आम्हीही काही वर्षे याच रांगेत उभे राहिलो आहोत, म्हणून हे लिहितो आहोत.

आपल्या समाजात असे लोक किती, याचा आकडा कोणाकडेच नाही. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि जाण्याचे वाहन विचारले होते. पण सहा दिवस एका गावात आणि एक दिवस दुसऱ्या गावात राहणाऱ्याचा वेगळा रकाना त्यात नव्हता. रेशनकार्ड गावचे, मतदान गावचे, मुलांची शाळा गावची. शहराच्या कोणत्याही यादीत हा माणूस सापडत नाही. सापडतो तो फक्त घरमालकाच्या वहीत, आणि तिथेही पुष्कळदा नुसते पहिले नाव असते.

ही पद्धत वाढते आहे, आणि त्याची कारणे उघड आहेत. कोकणातल्या आपल्या घरांमध्ये आधीच्या पिढीच्या आखाती कमाईतून बांधलेली पक्की घरे आहेत, म्हातारे आईवडील आहेत. मुले गावच्या शाळेत रमलेली असतात. ते सगळे उचलून मुंबईच्या एका खोलीत आणायचे कशाला? उलट नोकऱ्या मात्र पनवेल, तळोजा, नवी मुंबईकडे सरकत आहेत. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्या भागातली भाडी कुठे गेली ते तिथे खोली शोधणाऱ्यालाच विचारा. बरे, रोज ये-जा करावी म्हटले तर मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे दशकभर रखडले. रेल्वेचे म्हणाल तर पूर्वी दादरपर्यंत जाणारी रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्यालाच थांबायला लागली. तेव्हा खोली घेणे ही चैन नाही. दुसरा मार्गच उरत नाही.

पैशाची बाजू आम्ही आमच्याच पेशातून सांगतो. भरती होऊन एखादा तरुण उर्दू शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागला, तर पहिली तीन वर्षे त्याला ठरावीक मानधन मिळते. प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. हे आकडे २०२३ मध्ये वाढवले तेव्हाचे. त्याआधी प्राथमिकला ६ हजारच होते. या मानधनात घरभाडे भत्ता नसतो. म्हणजे म्हसळ्याचा पोरगा मुंबईत शिक्षणसेवक झाला की १६ हजारांतून खोलीचे भाडे, खाणावळ, दर आठवड्याची एसटी आणि गावी आईच्या हातात काहीतरी, एवढे सगळे बसवायचे. एसटीने जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढवले. बहिणींना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. भावाला पूर्ण.

आता खोली मिळवण्याकडे येऊ. एजंटशी होणारे बोलणे आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल.

“सर, फॅमिली आहे का?”

“आहे, पण गावी. मी एकटाच राहणार. शनिवार-रविवार खोली बंदच असेल.”

“म्हणजे बॅचलर.”

“दोन मुलांचा बाप आहे मी.”

“तसं नाही सर, एकटे राहणार म्हणजे बॅचलरच धरतात. बरं, पूर्ण नाव काय म्हणालात?”

नाव सांगितले की थोडी शांतता. मग “मालकांना विचारून फोन करतो.” तो फोन येत नाही. कधी एखादा सरळ माणूस स्पष्ट सांगतो की सर, वाईट वाटून घेऊ नका, त्या बिल्डिंगमध्ये तुमच्यातल्या लोकांना देत नाहीत. खरे सांगायचे तर आम्हाला हा दुसरा माणूस परवडतो. त्याने आमचा वेळ तरी वाचवला.

हे फक्त आपल्या मनाचे खेळ आहेत, असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली होती. ती २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाली. एकाच घरासाठी सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम नावांनी चौकशी करायची, अशी पद्धत होती. फोनवर मुस्लिम नावाला साधारण तीनपैकी एका ठिकाणी नकार मिळाला. प्रत्यक्ष समोर गेल्यावर नकाराचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. दलित उमेदवारांनाही मोठ्या प्रमाणात नकार आला, हे आपण विसरू नये. पाहणी दिल्लीची आहे, मुंबईची नाही. पण ज्याने मुंबई-पुण्यात खोली शोधली आहे त्याला ती परकी वाटणार नाही. सच्चर समितीनेही २००६ मध्येच मुस्लिमांना घर भाड्याने मिळताना येणाऱ्या अडचणींची नोंद केली होती.

नकाराची चर्चा होते तेव्हा ती नेहमी अपमानाच्या अंगाने होते. अपमान आहेच. पण आठवड्याच्या खोलीवाल्याचे नुकसान आणखी एका मापात मोजायला हवे, ते म्हणजे तासांच्या. हा माणूस खोली घेतो ती प्रवास वाचवण्यासाठी. घाटकोपर, विक्रोळी, नाहीतर शाळेच्या जवळपास कुठेतरी मिळावी म्हणून शोधतो. तिथे नाही मिळत. मग चाचा कोणीतरी सांगतात, “अरे मुंब्र्याला बघ, आपली वस्ती आहे, कोणी नाव विचारणार नाही.” दिवा स्टेशन मुंब्र्याला लागूनच, म्हणजे गावची गाडीही जवळ. तो मुंब्र्यात राहतो. मुंब्रा ते सीएसएमटी चाळीस किलोमीटर, धीम्या लोकलने सव्वा तासाच्या आसपास, आणि तेही गाडीत शिरता आले तर. सकाळी सव्वा तास, संध्याकाळी सव्वा तास, स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि वाट बघणे वेगळे. जो प्रवास टाळण्यासाठी भाडे भरायचे, त्यातला मोठा वाटा पुन्हा पदरात आला. घर सोडल्याचे दुःख तर आहेच.

आणि हा प्रवास नुसता लांब नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्रा स्टेशनजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यात किमान चार जणांचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने मुंबईच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचे जाहीर केले. दरवाजे बसतील तेव्हा बसतील. पण एवढ्या लोकांना रोज चाळीस किलोमीटर दूर राहून यावे का लागते, हा प्रश्न दरवाज्याने सुटणार नाही. मुंब्र्यात राहणारे सगळेच नकारामुळे तिथे गेले, असे आमचे म्हणणे नाही. अनेकांनी स्वस्त घर म्हणून ते निवडले, आणि आपल्या माणसांत राहावेसे वाटणे हीही काही चूक नाही. मात्र १९९२-९३ च्या दंगलींनंतर किती कुटुंबे जीव मुठीत धरून मुंबईतून तिकडे गेली, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. तेव्हा वस्ती भीतीने वाढली. आज एजंटच्या न आलेल्या फोनने वाढते आहे.

कायदा काय म्हणतो? लोकांचा समज असतो की धर्मावरून घर नाकारले तर संविधानाचे कलम १५ दाखवता येते. दुर्दैवाने ते इतके सोपे नाही. कलम १५ मुख्यतः सरकारला बांधते; दुकाने, हॉटेले, विहिरी अशा सार्वजनिक जागांबद्दलही ते बोलते. खासगी घरमालकाने भाडेकरू कोण निवडावा, याबद्दल त्यात थेट काही नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम ग्राह्य धरला. त्या निकालाचा आधार आजही घेतला जातो. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला आणि त्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते ठेवले. पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडले. आपल्याकडे आजही १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच चालतो. म्हणजे नकार देणाऱ्याला कोर्टात खेचण्याची वाट जवळजवळ बंद आहे.

पण जिथे खोली मिळते, तिथे कायदा आपल्याला बरेच काही देतो, आणि आपण ते घेत नाही. आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. पहिली खोली आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच एका बुजुर्गांची होती. तीस हजार डिपॉझिट रोख दिले. कराराचे विचारले तर म्हणाले, “सर, आपसात कागद कशाला? आपण मस्जिदीत एका सफमध्ये उभे राहतो.” आम्हालाही लाज वाटली आणि गप्प बसलो. दोन वर्षांनी खोली सोडली तेव्हा रंगाचे, नळाचे, दरवाज्याचे पैसे कापून निम्मीच रक्कम हातात आली. पावती नव्हती, कागद नव्हता, बोलणार काय? कुरआनात उधारीचा व्यवहार ठरावीक मुदतीचा असेल तर तो लिहून ठेवा, असे सूरह बकरामध्ये स्पष्ट सांगितले आहे. शाळेत मुलांना सांगणारे आम्ही, स्वतःच्या वेळी विसरलो.

१९९९ च्या कायद्याचे कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणखी महत्त्वाचे म्हणजे नोंदणी झालेली नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते; ते खोटे आहे हे घरमालकाने सिद्ध करायचे. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. आम्हाला हे तेव्हा माहीत असते तर त्या निम्म्या रकमेवर आम्ही गप्प राहिलो नसतो.

खर्च किती? समजा भाडे ८ हजार, डिपॉझिट ५० हजार, मुदत ११ महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. म्हणजे अडीचशे रुपयांच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. नोंदणी ऑनलाइन होते, मालक आणि भाडेकरूंचे अंगठे घ्यायला माणूस घरी येतो, त्याचा मेहनताना वेगळा. पन्नास हजारांच्या रकमेसाठी एवढा खर्च जास्त आहे का? दोघांनी निम्मा-निम्मा करावा.

कागदाचा दुसरा उपयोग आपल्या नावाच्या माणसाला जास्त आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश मोठ्या शहरांत वेळोवेळी निघतात आणि ती देण्याची जबाबदारीही मालकाचीच असते. कागद नसलेल्या खोलीत कधी तपासणी झाली तर मालक हात झटकतो. “हा कोण, मला माहीत नाही, कोणाकडे तरी पाहुणा आला असेल.” मग तो पाहुणा रात्रभर पोलीस ठाण्यात बसतो. एका खोलीत एकाच्या नावाने करार आणि चौघे बेडवर, ही तर सर्रास पद्धत. उरलेले तिघे तिथे राहतात हे कायद्याच्या लेखी कोणालाच माहीत नसते. भाडे मात्र चौघे भरतात. करारात चारही नावे घालता येतात. घाला.

“मी देतो हो, पण सोसायटी परवानगी देत नाही,” हेही एक नेहमीचे उत्तर. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचे, सोबत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणून मालक राजी असेल आणि फक्त सोसायटीचे नाव पुढे येत असेल, तर ही माहिती नम्रपणे त्याच्या हातात द्यावी. आमच्या एका सहकाऱ्याला चेंबूरमध्ये याच मार्गाने खोली मिळाली. सेक्रेटरींनी आधी तोंड वाकडे केले, नंतर त्यांचीच मुलगी गणितासाठी सरांकडे यायला लागली.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपल्या मोहल्ल्यातले मालकही एकट्या माणसाला खोली देत नाहीत. कोकणी, दखनी, उत्तरेकडचा, कोणत्या मसलकचा, याची चौकशी करतात. भाडेकरूला दुसरीकडे जायला जागा नाही हे ओळखून जास्त भाडे मागतात आणि कागद टाळतात. बाहेरच्यांच्या नकाराबद्दल जुम्याच्या दिवशी तावातावाने बोलणारे हेच लोक असतात. हे लिहिल्याबद्दल काही जण नाराज होतील. होऊ देत.

मुलींची गोष्ट याहून अवघड. आपल्या मुली बीएड करत आहेत, नर्सिंग करत आहेत, अल्हम्दुलिल्लाह. नोकरीची ऑर्डर शहरातली आली की घरात पहिला प्रश्न “राहणार कुठे?” आणि त्यावर उत्तर नसले की ऑर्डर कपाटात जाते. आमच्या माजी विद्यार्थिनींपैकी दोघींच्या बाबतीत हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. एकीचे अब्बा आमच्याकडे आले होते. म्हणाले, “सर, नोकरी हलाल आहे, पगार चांगला आहे, पण पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवू?” आम्ही दोन-तीन पत्ते दिले, एकही जमला नाही. एका ठिकाणी हिजाब पाहून बेड भरल्याचे सांगितले, दुसऱ्या ठिकाणी भाडे तिच्या पगाराच्या निम्मे होते. केंद्राच्या ‘सखी निवास’ योजनेखाली नोकरदार महिलांची वसतिगृहे चालतात, आणि तिथे पगाराच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त भाडे घेता येत नाही. योजना चांगली, पण जागा कमी. खासगी वसतिगृहांबाबत एक दिलासा जून २०२४ मध्ये मिळाला: महिन्याला २० हजारांपर्यंतचे भाडे आणि सलग ९० दिवसांचा मुक्काम असेल तर त्यावर जीएसटी नाही. बिलात तरीही जीएसटी लावला असेल तर पालकांनी विचारावे.

सरकारला भाड्याच्या घरांचा प्रश्न दिसत नाही असे नाही. जुलै २०२० मध्ये स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली, २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांना वेगळा विभाग मिळाला, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कामगारांसाठी डॉर्मिटरीची घोषणा झाली. दुसऱ्या बाजूला २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली होती. कुलूप लावलेले घर एका बाजूला आणि पाच रात्रींची जागा शोधणारा माणूस दुसऱ्या बाजूला. या दोघांची गाठ घालणारी योजना अजून कोणी काढलेली नाही.

ती गाठ आपल्या आजोबांनी घातली होती. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या खोल्या होत्या हे सर्वांना माहीत आहे. एका चाळीतल्या खोलीत गावचे वीस-तीस गडी पाळीप्रमाणे झोपायचे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे कूड धोबी तलावाला होते, त्यांतले काही आजही आहेत. आपल्या कोकणी जमातींनीही बोटीवर जाणाऱ्या पोरांसाठी डोंगरी, माझगावकडे गावाच्या खोल्या ठेवल्या होत्या. महिन्याला वर्गणी, ट्रंक ठेवायला जागा, बोट लागेपर्यंत झोपायला चटई. कोण कोणाचा पोरगा हे सर्वांना माहीत, त्यामुळे डिपॉझिटही नाही आणि चौकशीही नाही. पुढे बोटी कमी झाल्या, लोक आखातात गेले, खोल्या पागडीच्या भांडणात अडकल्या, काही विकल्या गेल्या, काहींना नुसते कुलूप आहे.

त्या कुलुपांची चौकशी गावागावातल्या जमातींनी करायला हवी. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानंतर विश्वस्तांची बरीच ताकद कागदपत्रे गोळा करण्यात आणि अपलोड करण्यात गेली आहे. त्याच फायलींमध्ये मुंबईच्या खोल्यांचे जुने भाडेकरारही निघाले असतील. खोली जमातीच्या नावावर आहे का, ताबा कोणाकडे आहे, पागडीचा मालक कोण, बिल्डिंग पुनर्विकासात गेली असेल तर जमातीला मिळणारी जागा कोणाच्या नावावर चढणार आहे, एवढे चार प्रश्न येत्या ईदला गावी जमणाऱ्या बैठकीत विचारता येतील. आमच्या गावाच्या बैठकीत मागच्या वर्षी आम्ही विचारले. अध्यक्षसाहेब म्हणाले, खोली आहे, किल्ली एका हाजीसाहेबांकडे आहे. हाजीसाहेबांना फोन लावला तर त्यांच्या मुलाने उचलला. म्हणाला, त्या खोलीत गेली अकरा वर्षे कोणीतरी भाड्याने राहते आहे, भाडे दर महिन्याला येते.

कोणाकडे येते, ते विचारायला आम्ही पुढच्या शनिवारी गावी जातो आहोत.